झगा, मुंडण आणि रांगेतली जागा : मध्ययुगीन युरोपातला मठवासी कशावरून ओळखायचा?

११२० च्या आसपासची गोष्ट. फ्रान्समधल्या क्लेअरवो मठाचा प्रमुख बर्नार्ड याने आपल्या एका तरुण नातलगाला लांबलचक पत्र लिहिलं. नातलगाचं नाव रॉबर्ट. तो क्लेअरवोत दीक्षा घेऊन राहिला होता, पण तिथली खडतर राहणी त्याला झेपली नाही. क्लूनी या बड्या आणि सधन मठाचा एक वरिष्ठ येऊन त्याची समजूत घालून त्याला घेऊन गेला. दोन्ही मठ एकाच धर्माचे, एकच नियमपुस्तक मानणारे. तरी बर्नार्डचा तिळपापड झाला. त्याच्या तक्रारी बघण्यासारख्या आहेत. क्लूनीत पोरट्याचे केस कापले, दाढी केली, त्याला न्हाऊ घातलं. अंगावरचे जाडेभरडे, विरलेले, मळके कपडे उतरवून नवे, स्वच्छ, महागडे कपडे घातले. वर त्याला त्याच्याहून जुन्या माणसांच्या पुढची जागा दिली.

क्लूनीचं म्हणणं असं की आईबापांनी रॉबर्टला लहानपणीच आमच्या मठाला देऊ केलं होतं, म्हणजे तो मुळात आमचाच. त्यावर बर्नार्डचा युक्तिवाद एखाद्या वकिलाला शोभेल असा आहे. देऊ केलं असेल, पण दिलं कुठे? नियमात सांगितलेला लेखी अर्ज झाला नव्हता. तो अर्ज आणि मुलाचा हात वेदीवरच्या कापडात गुंडाळून साक्षीदारांसमोर अर्पण केला नव्हता. मग दान पुरं झालंच कसं?

या एका भांडणात मठवासीपणाच्या बहुतेक खुणा आल्या : केस, कपडे, बसायची जागा, कापडात गुंडाळलेला हात. आपण अशा गोष्टींना ‘प्रतीकं’ म्हणतो आणि लगेच त्यांचा गूढ अर्थ शोधायला लागतो. अर्थ होतेच, पण ते बरेचदा मागाहून चिकटलेले असत. आधी असायचं एखादं रोकडं काम : कपडे धुवायला टाकले तर बदली काय, पळून गेलेला माणूस ओळखायचा कसा, आधी कोणाला वाढायचं, जमिनीच्या कागदावर सही कोणाची. त्या कामासाठी एक रीत पडे, रीतीची खूण होई, खुणेला पुढे कोणीतरी विद्वान अर्थ लावी, आणि मग त्या अर्थासाठी लोक भांडत.

दारापासून वेदीपर्यंत

पश्चिम युरोपातल्या मठांचं मूळ नियमपुस्तक संत बेनेडिक्टचं. इटलीत माँते कॅसिनोला सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलेलं, ७३ छोट्या प्रकरणांचं. त्यातलं ५८ वं प्रकरण नव्या माणसाला आत कसं घ्यायचं ते सांगतं.

आलेल्याला लगेच आत घ्यायचं नाही. चार-पाच दिवस तो दार ठोठावत राहिला, अपमान सोसत राहिला, तर काही दिवस पाहुण्यांच्या खोलीत, मग उमेदवारांच्या खोलीत. दोन महिन्यांनी त्याला सगळा नियम वाचून दाखवायचा आणि विचारायचं : या कायद्याखाली राहशील का? जमत नसेल तर मोकळा आहेस. त्यानंतर सहा महिन्यांनी पुन्हा वाचन, त्यानंतर चार महिन्यांनी पुन्हा. असे बारा महिने भरले की ‘मला ठाऊक नव्हतं’ ही पळवाट उरत नाही.

मग दीक्षेचा दिवस. सगळ्यांसमोर तीन गोष्टींची शपथ : याच मठात कायम राहीन, राहणी बदलेन, आज्ञा पाळीन. शपथेचा मजकूर उमेदवाराने स्वतःच्या हाताने लिहायचा. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याने लिहायचा, पण त्यावर खूण करायची ती त्यानेच आणि वेदीवर नेऊन ठेवायचा तोही त्यानेच. मग स्तोत्रातली एक ओळ तो तीनदा म्हणतो, ‘हे प्रभू, मला स्वीकार’ अशा अर्थाची, आणि सगळे जण ती तीनदा परत म्हणतात. शेवटी प्रत्येकाच्या पायाशी दंडवत. मालमत्ता त्याआधीच गरिबांना वाटून टाकलेली किंवा रीतसर मठाच्या नावे केलेली असली पाहिजे. कारण, नियम म्हणतो, त्या दिवसापासून त्याचं स्वतःच्या शरीरावरही स्वामित्व उरत नाही.

लगेच तिथल्या तिथे, प्रार्थनागृहातच, त्याचे स्वतःचे कपडे उतरवून मठाचे कपडे चढवतात. इथे बेनेडिक्टचा व्यवहारीपणा दिसतो. उतरवलेले कपडे फेकायचे नाहीत, वस्त्रागारात जपून ठेवायचे. उद्या सैतानाचं ऐकून हा निघालाच, तर मठाचे कपडे काढून घ्यायचे, त्याचे त्याला घालायचे आणि घालवून द्यायचं. कपडे परत मिळतात. वेदीवर ठेवलेला कागद मात्र मठाकडेच राहतो.

म्हणजे झगा ही मठाची मालमत्ता, तर कागद हा शपथेचा पुरावा. पळून गेलेला माणूस परत आला तर? घ्यायचा, पण सगळ्यात खालच्या जागी. असं तीनदा चालतं, त्यानंतर दार बंद.

लहान मुलांसाठी ५९ वं प्रकरण आहे. आईबापांनी अर्ज लिहायचा, नैवेद्यासोबत तो अर्ज आणि मुलाचा हात वेदीच्या कापडात गुंडाळायचा. मूल स्वतः शपथ घेऊ शकत नाही, म्हणून हाताला कापड. बर्नार्डने नेमकं इथेच बोट ठेवलं. पोपने निकाल क्लूनीच्या बाजूने दिला, तरी पुढे पीटर नावाच्या क्लूनीच्या प्रमुखाने रॉबर्टला परत पाठवलं.

नंतरच्या शतकांत या विधीला एक जोड मिळाली. दीक्षा झाली की नव्या मठवाशाने झग्याची कुंची डोक्यावर ओढून तीन दिवस मौनात काढायचे, आणि तिसऱ्या दिवशी ती मागे सारायची. ख्रिस्ताचा मृत्यू, कबरीतले तीन दिवस आणि पुनरुत्थान, हा अर्थ कोणालाही न सांगता कळावा असा.

कपडे : रंगाची तक्रार करू नये

बेनेडिक्टच्या ५५ व्या प्रकरणात प्रत्येकाला काय द्यायचं त्याची यादीच आहे. आतला अंगरखा दोन, कुंचीचा झगा दोन. दोन का? रात्रीसाठी आणि धुण्यासाठी, असं कारण स्वच्छ लिहिलेलं आहे. झगा थंडीत जाड, उन्हाळ्यात पातळ किंवा वापरून विरलेला. कामाच्या वेळी खांद्यांवरून पुढे-मागे सोडायचं एक वस्त्र, त्याला स्कॅप्युलर म्हणतात. पायमोजे, जोडे, कमरपट्टा, चाकू, लिहायची लेखणी, सुई, रुमाल, लिहायच्या पाट्या. अंथरुणाला चटई, घोंगडी, पांघरूण आणि उशी. मठप्रमुखाने अधूनमधून अंथरुणं उलटीपालटी करून पाहायची, कोणी खाजगी वस्तू दडवली आहे का म्हणून.

झोपायचं कपड्यांत, कमरपट्टा बांधून, म्हणजे मध्यरात्रीच्या प्रार्थनेला घंटा झाली की उठून चालता येतं. पण चाकू कमरेला ठेवून झोपायचं नाही, झोपेत लागेल. प्रवासाला निघणाऱ्याला वस्त्रागारातून चड्डी मिळे, आणि एरवीपेक्षा जरा बरा झगा. परत आल्यावर चड्डी धुऊन जमा करायची. बाहेरच्या जगात मठाची अब्रू राहावी एवढीच यात काळजी.

आणि रंग? नियम म्हणतो, कपड्याच्या रंगाची किंवा जाडेभरडेपणाची तक्रार करू नये. राहता त्या प्रांतात जे मिळतं, जे स्वस्त पडतं, ते वापरावं. या एका वाक्याचे मानकरी म्हणवणारे लोक पुढे शतकानुशतकं रंगावरूनच भांडले.

आधी मापं ठरली. फ्रँक सम्राट लुई आणि त्याचा सल्लागार, आनियानचा बेनेडिक्ट (हा दुसरा बेनेडिक्ट, नावाने गोंधळू नका) यांनी ८१६-८१७ मध्ये आखेनला सभा भरवल्या. साम्राज्यातल्या सगळ्या मठांत एकच रीत असावी हा हेतू. झगा किती लांब असावा तेही तिथे ठरलं : दोन हात. कपडा सारखा असला की मठही सारखा होईल अशी सरकारी समजूत.

९१० मध्ये क्लूनी स्थापन झालं आणि तिथून काळा झगा म्हणजे बेनेडिक्टी मठवासी हे समीकरण पक्कं होत गेलं. काळा रंग शोकाचा, नम्रतेचा, जगाला मेलेल्या माणसाचा. अर्थ सुंदर, पण रंगाऱ्याला विचारा. लोकरीवर खरा गडद काळा चढवणं मध्ययुगात अवघड आणि महाग होतं. स्वस्त उपाय म्हणजे झाडाच्या गाठींतलं किंवा सालीतलं टॅनिन आणि लोखंडाचं क्षार. त्याने काळा रंग येतो, पण लोखंड धाग्याला खातं आणि कापड कुजतं. नीळ देणाऱ्या वोड वनस्पतीचे हात देऊन वर मंजिष्ठाच्या जातीचा लाल चढवला तर काळा टिकतो, मात्र खर्च वाढतो. त्यामुळे गरीब मठात ‘काळा’ म्हणजे काळ्या-तपकिरी मेंढीची लोकर, नाहीतर उडून करडा-तांबूस झालेला रंग. आणि एखाद्या मठाचे झगे खरोखरच काळेकुळकुळीत असतील, तर त्याचा अर्थ तिथे पैसा होता.

हाच मुद्दा १०९८ मध्ये बर्गंडीतल्या सितो इथे नवा मठ काढणाऱ्यांनी पकडला. हे सिस्टर्शियन, बर्नार्डचं क्लेअरवो त्यांच्यातलंच. त्यांचा हट्ट असा की नियमात लिहिलंय तेवढंच करायचं. जे यादीत नाही ते काढून टाकलं : फरचे कपडे, शर्ट, जादा टोप्या, चड्ड्या, कंगवे, जादा पांघरुणं. आणि रंग द्यायचाच नाही. मेंढीची लोकर जशी येते तशी, पांढुरकी-करडी. सुरुवातीला लोक त्यांना कधी पांढरे, कधी करडे म्हणत, यावरून ती लोकर किती ‘शुभ्र’ होती ते समजावं. चड्डी न घालण्यावरून त्यांची किती टवाळी झाली असेल, कल्पना करा. काळे झगेवाले आणि दरबारी विनोदवीर यांना बरीच वर्षं तो विषय पुरला.

पुढे काय झालं? रंग न देणं हा काटकसरीचा निर्णय होता. पण समोर काळे उभे असताना पांढरा हा आपोआप झेंडा झाला. मग अर्थ आले : शुद्धता, आनंद, देवदूत. आणखी पुढे एक आख्यायिकाही आली की सितोचा मठप्रमुख आल्बेरिक याला खुद्द मरियामातेने दर्शन देऊन झगा पांढरा केला. क्लूनीच्या पीटरने बर्नार्डला लिहिलेल्या पत्रांत या रंगवादाची चर्चा आहे. त्याचं म्हणणं, या अश्रूंच्या दरीत राहताना काळा नेसणंच योग्य, पांढरा हा आनंदाच्या दिवसाचा रंग. पण रंगावरून भावाभावांत वैर यावं हे त्याला लाजिरवाणं वाटत होतं. दोघांत हा मोठ्या मनाचा.

पट्ट्यांचीही एक गंमत. पॅलेस्टाइनमधून युरोपात आलेले कार्मेलाइट पंथाचे लोक पट्ट्यापट्ट्यांचा झगा घालत. एलिया संदेष्टा अग्निरथातून स्वर्गात जाताना त्याचा खाली पडलेला झगा घड्या पडल्या होत्या तिथे होरपळला, म्हणून पट्टे, अशी त्यांची कथा. पण युरोपात पट्टेरी कपडा म्हणजे विदूषक, वेश्या, समाजाबाहेरचा माणूस. रस्त्यात पोरं मागे लागत. शेवटी १२८७ मध्ये त्यांनी पट्टे टाकून पांढरा झगा घेतला. बघणारे त्यात भलतंच वाचू लागल्यावर कथेचा उपयोग नव्हता.

डोकं

कपडा उतरवता येतो. केसांचं तसं नाही, म्हणून मुंडण ही जास्त पक्की खूण. बेनेडिक्ट पहिल्याच प्रकरणात खोट्या मठवाशांची खरडपट्टी काढतो. काही जण कोणाच्याही आज्ञेखाली नसतात, त्यांचं मुंडण म्हणजे देवाशी खोटं बोलणं. काही जण आयुष्यभर भटकत एकेका मठात तीन-चार दिवस पाहुणचार झोडतात. अशांना ओळखायचं कसं, ही खरीच अडचण होती, कारण डोकं कोणीही भादरू शकतं.

मुंडणाचे प्रकार तीन. रोमन पद्धतीत टाळू साफ आणि भोवती केसांचं कडं. त्याला पीटरचं मुंडण म्हणत आणि कड्याचा अर्थ काटेरी मुकुट. पूर्वेकडच्या ग्रीक परंपरेत सगळं डोकं भादरत, ते पॉलचं. आयरिश परंपरेत एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत डोक्याचा पुढचा भाग काढत आणि मागे केस राखत.

६६४ मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये व्हिटबीला सभा झाली. मुख्य वाद ईस्टरची तारीख कशी काढायची हा होता, पण मुंडणाचाही प्रश्न त्यालाच चिकटलेला. राजाने रोमन पद्धत उचलली. स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरच्या मठातून आलेले आयरिश मठवासी मायदेशी परतले. पुढे रोमन बाजूने आयरिश मुंडणाला थेट सायमन मेगसचं, म्हणजे बायबलमधल्या त्या जादूगार खलनायकाचं मुंडण ठरवलं. एखाद्या गटाची खूण बदनाम करायची तर तिला वाईट पूर्वज जोडून द्यावा, हे तंत्र जुनं आहे.

मुंडणाची किंमत मोजली ती थिओडोरने. तार्ससचा हा विद्वान ६६ वर्षांचा असताना पोपने त्याला कँटरबरीचा आर्चबिशप म्हणून निवडलं. पण त्याचं मुंडण होतं पूर्वेचं, डोकं पूर्ण गुळगुळीत. रोमन कडं करायचं तर आधी केस हवेत. म्हणून चार महिने थांबले. केस वाढले, कडं कातरलं, आणि मार्च ६६८ मध्ये त्याचा अभिषेक झाला.

रोजच्या व्यवहारात मुंडण म्हणजे कटकटच. वस्तरा फिरवला तर दोन आठवड्यांत खुंट येतात आणि कडं दिसेनासं होतं. आखेनच्या सभेने दर पंधरा दिवसांनी वपन ठरवलं, चाळीस दिवसांच्या उपासकाळात मात्र बंद, त्यानंतर ईस्टरच्या आदल्या शनिवारी. सिस्टर्शियनांनी सुरुवातीला वर्षातून सात वेळा एवढंच ठेवलं. म्हणजे त्यांच्या डोक्यावरची खूण वर्षातला बराचसा काळ अंधुकच असणार. रॉबर्टची हजामत बर्नार्डला का झोंबली, ते यावरून लक्षात येईल. नीटनेटकं डोकं ही त्याच्या लेखी क्लूनीची चैन होती.

रांग

बाहेरच्या जगात माणसाची जागा ठरवणारी गोष्ट म्हणजे कूळ, जमीन आणि वय. बेनेडिक्टने हे तिन्ही बाजूला ठेवले. मठातला क्रम आत येण्याच्या वेळेवर. दिवसाच्या दुसऱ्या तासाला आलेला माणूस पहिल्या तासाला आलेल्याच्या खाली, मग तो वयाने केवढाही असो की दर्जाने. आपल्याकडे वारीत रथाच्या पुढच्या-मागच्या दिंड्यांचे क्रम ठरलेले असतात आणि ते कोणी मोडलेले चालत नाहीत, तसंच हे. फरक एवढाच की इथे क्रमांक एकेका माणसाला होता.

हा क्रम दिवसभर लागू : शांतिचुंबन घेताना, प्रभुभोजनाला जाताना, स्तोत्र सुरू करताना, प्रार्थनेला उभं राहताना. नुसत्या नावाने कोणी कोणाला हाक मारायची नाही. धाकट्याने थोरल्याला वडीलकीच्या शब्दाने बोलवायचं, थोरल्याने धाकट्याला भाऊ म्हणायचं. थोरला जवळून गेला तर धाकट्याने उठून जागा द्यायची आणि आशीर्वाद मागायचा.

शिक्षाही याच चौकटीत होती. प्रार्थनेला उशिरा आलेल्याने आपल्या जागी जायचं नाही, सगळ्यांच्या शेवटी उभं राहायचं, किंवा सगळ्यांना दिसेल अशा वेगळ्या जागी. गंभीर गुन्ह्याला पंगतीतून बाहेर. प्रार्थना संपवून सगळे बाहेर पडताना त्याने दाराशी पालथं पडून राहायचं.

व्यवस्थेत एक फट मात्र होती. मठप्रमुख योग्यता पाहून कोणाला वर चढवू शकतो, खाली उतरवू शकतो. तीच फट वापरून बड्या घरची मुलं, धर्मगुरूची दीक्षा झालेले लोक, आणि मनवून आणलेले रॉबर्ट वर सरकत.

दाढीवाले भाऊ

खालच्या टोकाला काय होतं ते पाहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सिस्टर्शियनांना खंड आणि कुळांच्या उत्पन्नावर जगायचं नव्हतं, शेती स्वतः करायची होती. पण दिवसभर नांगरणी करणारा माणूस सातआठ वेळा प्रार्थनेला कसा येणार? म्हणून त्यांनी कॉन्व्हर्सी म्हणजे श्रमबंधूंचा वर्ग मोठ्या प्रमाणावर उभा केला. हेही शपथ घेतलेले, ब्रह्मचारी, मठाचेच. पण खुणा सगळ्या वेगळ्या. दाढी राखायची, कारण मुंडण त्यांचं नव्हे. चर्चमध्ये त्यांची जागा पश्चिमेकडच्या टोकाला. जेवणघर आणि झोपायची जागाही वेगळी, मठाच्या पश्चिम बाजूला. मठप्रमुखाच्या निवडणुकीत मत नाही. पुस्तक बाळगायचं नाही. पाठ करायचं ते फक्त प्रभूची प्रार्थना, श्रद्धेचा जाहीरनामा आणि पश्चात्तापाचं एक स्तोत्र.

यॉर्कशरमधल्या रीव्हो मठात बाराव्या शतकाच्या मध्याला मठप्रमुख एलरेडच्या काळी १४० मठवासी आणि श्रमबंधू व नोकर मिळून ५०० माणसं होती, असं त्याच्या चरित्रकाराने लिहिलंय. चार-पाच जणांतला एक मुंडण केलेला, बाकीचे दाढीवाले. आज त्या मठांचे भग्नावशेष बघायला गेलात तर पश्चिमेकडची ती लांबच लांब इमारत बघा.

ठिणगी पडली ती जोड्यांवरून. जर्मनीत हायडेलबर्गजवळच्या शोनाउ मठात मठवाशांना नवे बूट मिळत आणि श्रमबंधूंना तसे मिळत नव्हते. मागितले, तर मठप्रमुखाने नाकारले. तेव्हा श्रमबंधूंनी बेत केला की मठवाशांच्या शयनगृहात घुसायचं आणि त्यांचे बूट कापून टाकायचे. बंडाचा म्होरक्या अकस्मात मेला आणि बंड विझलं. ही कथा सांगणाऱ्या सिस्टर्शियन लेखकाला त्यात अर्थातच देवाचा न्याय दिसला. मला त्यातले बूट जास्त बोलके वाटतात. चिखलात उभं राहणाऱ्याला बुटाची गरज जास्त, पण भांडण गरजेपुरतं नव्हतं. कापायला निवडले ते मठवाशांचे बूट, त्या दोघांतला फरक अंगावर दिसेल अशी वस्तू.

मुकी पंगत

मौन हा मठजीवनाचा कणा, पण पंगतीत मीठ तर मागावं लागतंच. म्हणून खुणांची भाषा तयार झाली. अकराव्या शतकातल्या क्लूनीच्या यादीत ११८ खुणा आहेत. जर्मनीतल्या हिरसाउ मठाने ती ३५९ पर्यंत वाढवली. कँटरबरीत जुन्या इंग्रजीत लिहिलेली १२७ खुणांची यादी आहे. उमेदवाराला त्या शिकाव्याच लागत.

पाव हवा असेल तर दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून गोल करायचा. दूध म्हणजे करंगळी ओठांवर, तान्हं बाळ चोखतं तशी. मासा म्हणजे पाण्यात शेपूट हलते तसा हात हलवायचा. चीज म्हणजे दोन्ही तळवे एकमेकांवर दाबायचे. पुस्तक म्हणजे पान उलटल्यासारखा हात. आणि पुस्तक जुन्या रोमन मूर्तिपूजक लेखकाचं असेल, तर पुस्तकाची खूण करून वर कुत्रा पायाने कान खाजवतो तसा बोटाने कान खाजवायचा! ही खूण यादीत अधिकृतपणे आहे. म्हणजे रोमन कवी व्हर्जिल वाचायला मिळत होता, फक्त मागताना जरा कान खाजवावा लागे.

मठवासी म्हणायचं तर आपली कुंची पकडायची. संसारी माणूस म्हणायचा तर हनुवटी धरायची, दाढीसाठी. आपला आणि परका हा भेद हाताच्या बोटांतही मुरलेला होता.

या मौनात बिघाड कुठे झाला ते गेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरू-लेखकाच्या लिखाणात सापडतं. ११८० च्या सुमारास तो कँटरबरीत मठवाशांच्या पंगतीत जेवला. तोंडातून शब्द नाही, पण बोटं, हात, दंड सगळे इतके चाललेले की त्याला ही पंगत कमी आणि नाटकी सोंगाड्यांचा खेळ जास्त वाटला. एवढे हातवारे करण्यापेक्षा माफक बोललेलं बरं, असं त्याचं मत पडलं.

मठ स्वतः कोण?

आतापर्यंत माणसाची ओळख पाहिली. मठालाही ती लागे, कारण मठ जमीन घेई, देई, कर्ज काढी. त्यासाठी मोहोर. धर्मसंस्थांची मोहोर पुष्कळदा दोन्ही टोकांना निमुळती लंबगोल, त्यावर मठाचा संत किंवा उभा मठप्रमुख, हातात वाकड्या टोकाची काठी. घोटाळा इथे व्हायचा की मठप्रमुखाची मोहोर आणि सगळ्या मठाची मोहोर एकाच माणसाच्या ताब्यात असली, तर तो परस्पर जमिनी विकू शके. १३०७ मध्ये इंग्लंडमध्ये कार्लाइलच्या कायद्याने ठरवलं की मठाची सामाईक मोहोर मठप्रमुखाकडे राहणार नाही. उपप्रमुख आणि चार विश्वासू मठवासी यांच्याकडे ती राहील. १३३५ मध्ये पोप बारावा बेनेडिक्ट, जो स्वतः सिस्टर्शियन होता, त्याने आपल्या संघातल्या प्रत्येक मठाला गोल, तांब्याची आणि मरियामातेचं चित्र असलेली मोहोर बंधनकारक केली.

मेलेल्यांची यादी

मठवासी मरणाला टेकला की त्याला जमिनीवर राख पसरून त्यावर गोणपाट घालून झोपवत. दफन झग्यातच. म्हणूनच कित्येक सरदार मरणाच्या दारात घाईने झगा मागवून अंगावर घालून घेत. आयुष्यभर तलवार चालवून शेवटचा दिवस मठवासी म्हणून काढायचा, हा त्यांचा हिशेब.

मेल्यावरही मठाचं सदस्यत्व संपत नसे. त्यासाठी नावाची नोंद लागे. कॉन्स्टन्स सरोवरातल्या रायखेनाउ बेटावरच्या मठात ८२४ च्या सुमारास सुरू झालेल्या बंधुत्वाच्या पुस्तकात सुमारे ३८,००० नावं आहेत, पन्नासहून जास्त मठांची. एकमेकांच्या मृतांसाठी प्रार्थना करू, असा त्या मठांचा आपसातला करार. नव्या मृत्यूची बातमी कळवायला चामड्याच्या पट्ट्या शिवून केलेली गुंडाळी घेऊन माणूस पायी निघे. प्रत्येक मठात थांबे, तिथला लेखनिक प्रार्थनेचं वचन आणि सोबत आपल्या मृतांची नावं लिही, की तुम्हीही यांच्यासाठी प्रार्थना करा. मग पुढचा तुकडा शिवायचा. फ्रान्समधल्या साव्हिन्यी मठाचा संस्थापक व्हितालिस ११२२ मध्ये वारला. त्याच्यासाठी फिरलेली गुंडाळी अजून टिकून आहे, आणि तिच्यावर फ्रान्स-इंग्लंडमधल्या मठांची अक्षरं एकाखाली एक आहेत.

क्लूनीने यात कळस केला. २ नोव्हेंबरचा सर्व मृतांचा दिवस क्लूनीचा प्रमुख ओदिलो याने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या मठांत सुरू केला आणि तिथून तो सगळ्या पश्चिमी चर्चमध्ये पसरला. पण नावाबरोबर ताटही होतं. मठवासी वारला की त्याच्या वाट्याचं जेवण तीस दिवस एका गरिबाला द्यायचं, आणि पुढे दर वर्षी त्याच्या तिथीलाही. यादी फक्त वाढत जाते, कमी कधीच होत नाही. एकाच तारखेला साठ-सत्तर जुनी नावं आली की तितकी ताटं. जिवंत मठवासी तीनशेच्या घरात, कोठीवर कर्ज, आणि दारात मेलेल्यांच्या नावाने जेवणारे. अखेर पीटरने मर्यादा घातली : एका दिवशी मृतांच्या नावाने जास्तीत जास्त पन्नास ताटं, यादीत नावं कितीही असोत. मेलेल्यांनी जिवंतांना मठाबाहेर ढकलू नये, असं कारण त्याने दिलं.